मामा, आधी गुडघा दाखवा. तालमीचं नंतर बघू

प्रश्न : माझा भाचा चौदा वर्षांचा आहे, सांगलीत नववीत शिकतो. मी कोल्हापुरात असतो, माझं दुचाकीचं गॅरेज आहे. लहानपणापासून दर उन्हाळी सुट्टीत तो आमच्याकडे यायचा. सकाळी पंचगंगेवर पोहायचं आणि मग दिवसभर गॅरेजमध्ये. नुसत्या आवाजावरून गाडी कुठली ते सांगायचा. गेल्या दोन वर्षांत त्याचं वजन फार वाढलंय. यंदा मे महिन्यात आलाच नाही, क्लास आहे म्हणाला. दिवाळीत सगळे जमलो तर भर उकाड्यात जाड जॅकेट घालून बसलेला. पंगतीत दाजी मोठ्यानं म्हणाले, "ह्याला वाढताना जपून हं, आम्हालाही उरू द्या." सगळे हसले, मीही हसलो. तो अर्ध्या ताटावरून उठला.

बहीण त्याला रोज सकाळी दुधीचा रस देते, रात्रीची पोळी बंद केलीय. तरी दप्तरात आणि गादीखाली वेफर्स-बिस्किटांची रिकामी पाकिटं सापडतात. मानेवर काळेपणा आलाय, ती बेसन-लिंबू लावून घासते. पळायला सांगितलं की गुडघा दुखतो म्हणतो आणि मुद्दाम लंगडतो, असं दाजींचं म्हणणं. दाजींना स्वतःला शुगर आहे. मला वाटतं, सुट्टीत इकडं आणून त्याला तालमीत घालावं, नाहीतर तिकडंच जिम लावावी; प्रोटीन पावडरचा खर्च मी करीन. पावलं मोजणारं घड्याळ घेऊन द्यायचाही विचार आहे. पण बोलायचं कसं? मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतो. त्याच्या मनाला लागणार नाही आणि तरी तो मनावर घेईल, असं कसं सांगू?
– एक मामा, कोल्हापूर

उत्तर : मामा, बोलायचं कसं हा तुमचा मुख्य प्रश्न, पण मी आधी गुडघ्याचं सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

वाढीच्या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये, मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक वाढीच्या कूर्चेपाशी, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या मऊ थरापाशी, सरकतं, असा एक आजार आहे. बिघाड असतो खुब्यात, पण दुखतो कित्येकदा गुडघा नाहीतर मांडी. त्यामुळे घरचे गुडघ्याला बाम चोळत बसतात. मुलगा लंगडतो, चालताना पाऊल बाहेरच्या बाजूला टाकतो. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेनं ते टोक आहे तिथे थोपवता येतं. उशीर झाला तर आणखी सरकतं आणि खुबा कायमचा खराब होऊ शकतो. भाच्याला तेच झालंय असं मी म्हणत नाही. गुडघा दुखायला कारणं पुष्कळ. पण चौदाव्या वर्षी, वजन वाढलेलं असताना, दुखणं आणि लंगडणं दोन्ही एकत्र असेल तर ते सोंग समजायचं नाही. ह्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि 'खुब्याचाही एक्स-रे काढायचा का?' हे स्वतः विचारा. तोवर पळणं, उड्या, जोर-बैठका सगळं बंद. दुखणं एकदम वाढलं किंवा पाय टेकवेना झाला, तर त्याच दिवशी न्यायचं.

एक्स-रे स्वच्छ निघाला तरी खेप वाया गेली असं समजू नका. 'दुखतंय' म्हटल्यावर कुणीतरी खरं मानलं, हे त्या मुलाच्या वाट्याला बऱ्याच दिवसांनी आलेलं असेल.

आता बोलण्याचं. 'मनाला न लागता मनावर कसं घेईल?' असं विचारलंत. मनावर त्यानं कधीच घेतलंय हो. ऑक्टोबरच्या उकाड्यात जॅकेट घालून बसतो, जिवापाड आवडणारी नदी सोडतो, चारचौघांत अर्ध्या ताटावरून उठतो, तो मुलगा बेफिकीर कसा असेल? आपण जाड आहोत ही बातमी त्याला द्यायची राहिलेली नाही. ती बातमी सकाळी दुधीचा पेला देतो, गणवेशाचं माप घेताना शिंपी देतो, पी.टी.च्या तासाला पोरं देतात, रात्री पोळीच्या डब्याचं झाकण बंद होतं तेव्हा पुन्हा मिळते. त्या रांगेत मामानं उभं राहायचं नाही. वजन ज्याच्यासमोर विषयच नाही असा एक मोठा माणूस त्याला हवाय, आणि ती जागा सध्या रिकामी आहे.

ही नुसती माझी हळवी समजूत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये डॉक्टरांना आणि पालकांना स्पष्ट सांगितलंय : किशोरवयीन मुलांना डाएटला लावणं, त्यांच्या वजनावर बोलत राहणं आणि वजनावरून चिडवणं, ह्या तिन्हींचा संबंध पुढे वजन वाढण्याशीही आहे आणि खाण्याच्या विकारांशीही. म्हणजे आपण ज्याला औषध समजतो तेच आजार वाढवतं. अगदी चांगल्या हेतूनं, गोड आवाजात बोललं तरी.

तेव्हा मेसेजमधून 'कसा आहेस', 'काळजी वाटते', 'बोलायचंय जरा' हे सगळं काढा. 'बोलायचंय' म्हटलं की त्याला कळतं कशावर बोलायचंय. त्याला अंगठ्याशिवाय उत्तर नाहीच. तुम्ही पत्रात जाता जाता एक वाक्य लिहिलंय, आवाजावरून गाडी ओळखायचा म्हणून. तीच तुमची वाट. गॅरेजमध्ये एखादी जुनी, वेगळी गाडी दुरुस्तीला आली की तिचा दहा सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा आणि खाली एवढंच लिहा : 'कुठली?' बाकी काही नाही. उत्तर आलं, बरोबर असलं, तर 'बरोबर' म्हणा आणि दोन दिवसांनी अवघड आवाज पाठवा. उत्तर नाही आलं तरी तिसरा पाठवा. 'का रे, उत्तर देत नाहीस' म्हणून पाठीस लागायचं नाही. ह्याला वेळ लागेल, महिनाही लागेल. मग कधीतरी : 'राजदूतचं इंजिन उघडतोय रविवारी. एक माणूस कमी आहे, येतोस?' पाय कसा आहे ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच अर्थात. स्टुलावर बसून कार्बोरेटर साफ करायला गुडघा लागत नाही.

तो यायच्या आधी दोन ठिकाणी ताकीद द्या. गॅरेजमधल्या पोरांना, कारण 'आयला, केवढा झालास!' हे त्यांच्या तोंडून सहज येणार. आणि घरात. मामींना सांगा की ताटाकडे बघून काही बोलायचं नाही, कौतुकानंही नाही. 'वाढू का?' हे विचारणं वेगळं आणि हातातली भाकरी अर्धवट धरून 'अजून एक?' हे विचारणं वेगळं. मुलांना हा फरक पक्का कळतो. त्याच्यासाठी वेगळं उकडलेलं काही करू नका. रविवारचा तांबडा-पांढरा सगळ्यांना तसा त्यालाही. आणि 'जरा उतरलास हं' हेही नको. त्याचा अर्थ मागच्या वेळी मोजलं होतं, आणि पुढच्या वेळीही मोजणार.

एक गोष्ट मात्र तुम्ही आपणहून बोला. पंगतीत तुम्ही हसलात ते त्यानं पाहिलंय. हात ग्रीसमध्ये असताना, त्याच्याकडे न बघता सांगा, 'दिवाळीला दाजी बोलले तेव्हा मी हसलो. हसायला नको होतं.' त्यापुढे एक शब्द नाही. तो 'हं' म्हणेल नाहीतर पाना मागेल. पुरे.

मग एखाद्या दिवशी तोच विचारेल, 'मामा, मी लय जाड झालोय ना?' ह्या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत आणि दोन्ही वाईट. 'छे रे, कुठं? खात्यापित्या घरचा आहेस' हे खोटं आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून तो पुढचं सांगत नाही. 'हो ना, म्हणूनच म्हणतो उद्यापासून…' म्हटलंत तर तुमचा सगळा महिना पाण्यात. मी असते तर म्हटलं असतं, 'वजन वाढलंय तुझं, हो. त्याचा त्रास कधी होतो तुला?' आणि मग गप्प बसले असते. काय निघेल सांगता येत नाही. वर्गातलं एखादं नाव निघेल, बसमध्ये दोघांच्या सीटवर बसायची लाज निघेल, वडिलांचं निघेल. मध्येच उपाय सुचवू नका. शाळेतला त्रास निघाला तर लगेच हेडमास्तरांना फोन लावू नका. 'मी काय केलेलं तुला चालेल?' हे आधी त्याला विचारा. मारहाण किंवा धमकीपर्यंत गेलं असेल तर मात्र गप्प बसता येणार नाही, हेही त्याला तिथेच सांगा.

जॅकेटबद्दल एक शंका आहे. चौदाव्या वर्षी मुलांच्या छातीला उभार येतो, कधी स्तनाग्राखाली दुखरी गाठही लागते. हे बारीक मुलांनाही होतं, वयात येतानाच्या हार्मोन्समुळे, आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. वजन जास्त असलं की ते अधिक दिसतं. मुलगे ह्याबद्दल मेले तरी बोलत नाहीत. आपण 'मुलगी' होतोय की काय इथपर्यंत त्यांची भीती जाते. पोहणं सुटण्याचं कारण बहुधा इथंच असेल. तुम्ही पुरुष आहात, तुमच्या तोंडून हे सोपं जाईल, पण त्याच्या शरीराकडे बोट दाखवून नको. गॅरेजमधल्या एखाद्या पोराच्या नावावर खपवा किंवा स्वतःच्या वयात येण्याची गोष्ट सांगा : आवाज फुटला, तोंडावर पुटकुळ्या आल्या, कुणाकुणाची छाती सुजली, मग गेलं. त्याला हवं ते तो उचलेल. नदीवर चल म्हणून आग्रह करू नका. स्वतःहून निघाला आणि टी-शर्ट घालून पाण्यात उतरला, तर उतरू द्या.

तालमीबद्दल माझं वाकडं काही नाही. उलट भरलेल्या अंगाची लाज वाटत नाही अशा थोड्या जागा उरल्यात, त्यातली ती एक. पण जो जॅकेट काढत नाही त्याला पहिल्याच दिवशी लंगोट लावून मातीत उभं करणार? वर्षभरानं तो स्वतः म्हणाला तर जरूर न्या. जिमचंही तेच : जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, हलक्या वजनांनी, ह्या वयातही व्यायाम करता येतो, पण त्याच्या इच्छेनं आणि पायाचा निकाल लागल्यावर. प्रोटीन पावडरचे पैसे ठेवून द्या, तिची त्याला गरज नाही. डाळ, उसळ, अंडी, दूध, मटण घरात आहेच. जिममध्ये कुणी चरबी जाळायच्या गोळ्या सुचवल्या तर ती जिमच सोडायची. आणि घड्याळ नको. ते दर संध्याकाळी मनगटावरून सांगणार की आज तू कमी पडलास. ते सांगणारी माणसं आधीच पुष्कळ आहेत.

गादीखालच्या पाकिटांकडे चोरी म्हणून बघू नका. वाढत्या वयाचा मुलगा, रात्री पोळी नाही, सगळ्यांसमोर खाल्लं की टोमणा. मग तो जिथे कुणी नाही तिथे, घाईघाईनं, पोट भरलंय की नाही ते न कळता खाणार. त्यानंतर जी शरम वाटते ती विसरायलाही पुन्हा खाणं लागतं. बहिणीला सांगा, गादी उचलून बघणं थांबव आणि रात्रीची पोळी-भाजी पुन्हा चालू कर. पोटभर जेवलेला मुलगा वेफर्स कमी खातो, हे ऐकायला उलटं वाटेल, पण करून बघा. दुधीचा रसही थांबवा. त्यानं वजन उतरत नाही आणि दुधी कडू निघाला तर त्याचा रस चक्क विषारी असतो, उलट्या आणि पोटात रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. दुधीची भाजी करा, सगळ्यांनाच वाढा.

मानेचं घासणंही आजच थांबायला हवं. तो मळ नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाडसर काळी कातडी होणं ही पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते. बेसनानं ती जात नाही, फक्त मुलाला आपण घाणेरडे आहोत असं वाटतं. वडिलांना मधुमेह असल्यामुळे हे अंगावर काढू नये. बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते रक्तदाब बघतील. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यकृत आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगतील. घोरतो का, दिवसा पेंगतो का, हे बहिणीनं सांगायला हवं, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर अभ्यासातलं लक्ष आणि चिडचिड दोन्हीवर परिणाम होतो. उंचीच्या जुन्या नोंदीही न्या, शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतात. नुसत्या खाण्यापिण्यानं वजन वाढलेली मुलं सहसा वयाच्या मानानं उंच असतात. वजन वाढतंय आणि उंची थबकलीय असं असेल तर थायरॉइड वगैरे कारणं शोधावी लागतात. मोबाइलवरचा मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, त्याला लावू नका. मुलांचे तक्ते वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे असतात; इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये सुधारून दिलेत. ह्या वयात अनेकदा वजन उतरवायचं नसतंच. ते आहे तिथं धरून ठेवलं आणि उंची वाढली की पुष्कळ काम होतं.

अपॉइंटमेंट घेतानाच डॉक्टरांना दोन गोष्टी सांगून ठेवा : वजनाचा आकडा बाहेर ओरडून सांगू नये आणि पाच मिनिटं मुलाशी एकट्याशी बोलावं. जे डॉक्टर आईसमोर त्याला 'किती खातोस रे?' म्हणून हसतील, त्यांच्याकडे पुन्हा नेऊ नका. सांगलीत बालरोगतज्ज्ञांची कमी नाही.

घरात काय बदलायचं ते घरासाठी बदलायचं, त्याच्या एकट्यासाठी नाही. फ्रिजमधली कोल्ड्रिंकची बाटली गेली तर सगळ्यांसाठी गेली. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर ठेवून खाली बसून दाजींनी शेव खायची, हे चालणार नाही. रात्रीचं जेवण टीव्ही बंद करून एकत्र, आणि त्यात परीक्षा आणि वजन सोडून इतर गप्पा. झोप ह्या वयात आठ ते दहा तास लागते. पहाटेचा क्लास आणि रात्री उशीपाशी मोबाइल असेल तर ती मिळणार कुठून? कमी झोपलेल्याला गोड आणि तळकट जास्त खावंसं वाटतं. रोज सरासरी तासभर अंग हलावं असं जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी सांगते. पाय बरा असल्यावर ते सायकल, क्रिकेट, गाडी ढकलणं, काहीही चालेल. शाळेत पी.टी.चा तास गणिताला जात असेल तर त्याबद्दल भांडायला दाजींना पाठवा.

काही खुणा दिसल्या तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यात वेळ घालवायचा नाही : जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाऊन उलटी काढणं, दिवसच्या दिवस काही न खाणं, जुलाबाच्या गोळ्या, शाळाच बंद करणं, अंगावर कापल्याच्या खुणा, 'मी नसलेलाच बरा' असं बोलणं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक तुमच्या गॅरेजच्या भिंतीवर इतर नंबरांमध्ये लिहून ठेवलेत तर त्यालाही दिसतील, मुद्दाम दाखवावे लागणार नाहीत.

राहिले दाजी. बहिणीच्या नवऱ्याला काही सुनवायचं म्हणजे आपल्याकडे केवढं अवघड ते मला कळतं, आणि शेवटी बोल बसतो बहिणीलाच, 'तुझ्या माहेरच्यांनी शिकवलं' म्हणून. म्हणून तिच्यासमोर नको, घरात नको. गाडीचं सर्व्हिसिंग करून द्यायच्या निमित्तानं त्यांना एकट्याला गाठा. 'तुम्ही चुकताय' अशी सुरुवात केलीत तर पहिल्याच वाक्यात संपेल. त्यांची चेष्टा कशातून येते ते बघा. ते स्वतः रोज शुगरच्या गोळ्या घेतात, आणि पोराच्या अंगावर त्यांना तेच येताना दिसतंय. ते घाबरलेत, आणि घाबरलेलं दाखवायची सवय नाही. तेव्हा तिथूनच उचला : 'दाजी, तुम्हाला त्याच्या शुगरची भीती वाटते ना? मलाही वाटते. पण तो आता तुमच्यासमोर जेवत नाही, लपून खातो. पंगतीतलं बोलणं तेवढं आपण दोघांनी बंद करू, मीही करतो. आणि डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन जा, मी येतो सोबत.' नेण्याचं काम त्यांच्याकडेच द्या. बाप म्हणून काहीतरी करता आलं की टोमणे मारायची गरज कमी होते. पहिल्या खेपेला ते 'तुम्ही मामालोक लाडावून ठेवता' म्हणतील, कदाचित उठूनही जातील. जाऊ द्यात. गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच येणार आहे, तेव्हा पुन्हा काढा.